गावाकडे ड्रम वाजवून भागत नाही. डीजे आणि कराओके सुरू करू का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. साकोलीकडचं गाव, पाच पीसचा ड्रम सेट, महिन्यातून एखादा कार्यक्रम. मित्र म्हणतात डीजे टाक, कोणी म्हणतं कराओकेचं सामान घे. इथपर्यंत ठीक होतं. शेवटी तुम्ही लिहिलंय, "पण मग मी खरा वादक राहणार नाही ना?" या वाक्यामुळे दुकान बंद करून उत्तर लिहायला बसलो.

मी नागभीड तालुक्यातला. मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. सतरा वर्षांपासून ड्रम आणि इलेक्ट्रॉनिक पॅड वाजवतो: मंडई (दिवाळीनंतरची गावजत्रा), लग्नं, गणपती, आणि दोन हंगाम वडशाच्या एका नाटक कंपनीत. 'खरा वादक' हे शब्द मी २०१६ च्या मंडईत ऐकले, आमच्या ऑर्गनवाल्याच्या (कीबोर्ड वाजवणाऱ्याच्या) तोंडून. ते अजून निघत नाहीत.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. हलका धान निघाला होता आणि कार्यक्रम गावाबाहेरच्या एका बांदीत, म्हणजे धानाच्या शेतात होता. स्टेज बांदीत, गाव अर्धा किलोमीटर मागे, म्हणून आयोजकांनी लाइट शेजारच्या मोटारपंपाच्या पेटीतून घेतली. जोडणी मीच केली. मोटार वाइंडिंगवाला हजर असताना दुसरा कोण करणार? एका फेजवर स्टेजचे हॅलोजन, दुसऱ्यावर साउंड आणि ऑर्गन.

आता ऐका. दिव्यांना, ऑर्गनला न्यूट्रल म्हणजे परतीची तार लागते, थ्री-फेज मोटारीला ती लागतच नाही. म्हणून शेतातल्या पेटीत न्यूट्रलचा स्क्रू कोणी आवळलेला नसतो. हे मला माहीत होतं. रोज दहा शेतकऱ्यांना सांगतो. त्या रात्री मात्र हॅलोजन लागले, ऑर्गनवर दिवा आला, आणि मी पक्कड खिशात टाकून ड्रमवर जाऊन बसलो.

तिसऱ्या गाण्यात हॅलोजन मंद झाले. सगळ्यांना वाटलं व्होल्टेज पडलं. मलाही एक क्षण तेच वाटलं. पण न्यूट्रल सुटला की दोन फेजमधले ४०० व्होल्ट दोन्हीकडच्या सामानात वाटले जातात, आणि वाटणी उलटी होते. ज्या बाजूला भार जास्त, तिथे व्होल्टेज कमी. ज्या बाजूला भार हलका, तिथे चढतं. हॅलोजन विझायला आले म्हणजे ऑर्गन जळायला आला. हे लक्षात येऊन मी उठेपर्यंत ऑर्गनच्या अडॅप्टरमधून धूर निघाला होता. मिक्सर गेला, अँप्लिफायर गेला. माझा पॅड गेला नाही, कारण तो मी त्या दिवशी जोडलाच नव्हता. यावरूनही नंतर खूप बोलणी खाल्ली.

समोर हजारेक माणूस. बायका पोरांना घेऊन दुपारपासून जागा धरून बसलेल्या. मागून आवाज सुरू झाले, "काहून बंद केलं जी? पैसे दिले ना!" ढोलकीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघांनी सुरू केलं, नुसता ड्रम आणि ढोलकी. पाच-सात मिनिटं टाळ्या पडल्या. पण नुसत्या ठेक्यावर माणूस किती वेळ बसणार?

मग ग्रामपंचायतीचा शिपाई आपला ट्रॉली स्पीकर ओढत घेऊन आला. दवंडी द्यायचा तो, चाकं लावलेला, बॅटरीवरचा, वायरवाल्या माइकसकट. आणि गावचे एक रिटायर्ड हेडमास्तर स्टेजवर चढले. नागभीडला त्यांचा पेन्शनवाल्यांचा गाण्याचा ग्रुप होता, मोबाइलमध्ये चौदा कराओके ट्रॅक (गायकाचा आवाज नसलेलं नुसतं संगीत) उतरवून ठेवलेले. मला म्हणाले, "मी म्हणतो. तुमी फक्त हळू वाजवा."

हळू कसं वाजवणार? तो स्पीकर केवढासा, आणि माझा स्नेअर, म्हणजे सेटमधला कडक आवाजाचा ड्रम, कसा हे तुम्हाला माहीत आहे. मी स्नेअरवर दुपट्टा टाकला. काड्या बाजूला ठेवल्या. मंडपामागे खराटा पडला होता, त्याच्या दहा-बारा काड्या काढून चिंधीने घट्ट बांधल्या आणि त्या जुडीने वाजवलं. आजही कराओकेवर वाजवताना माझ्याकडे तीच जुडी असते. हळू वाजवायला बाजारात मिळणाऱ्या महागड्या रॉडपेक्षा वाईट नाही आणि तुटली तर खराटा आहेच.

हेडमास्तरांचा आवाज बरा होता, फार नाही. पण दुसऱ्या गाण्यानंतर मागून एक अंगणवाडीची बाई आली. तिच्यानंतर एक ट्रॅक्टरचालक. त्याच्यानंतर दोन पोरी एकाच माइकवर. दोन तासांत अकरा जण गायले, त्यातले नऊ कधी स्टेजवर चढले नव्हते. ट्रॅक्टरचालक तर सम सोडून कुठेही यायचा. पब्लिक त्याच्या नावाने ओरडत होतं. आमच्या ऑर्केस्ट्र्याला तेवढी शिट्टी कधी मिळाली नव्हती. आयोजकांनी ठरलेले पूर्ण पैसे दिले, वर वांगे-आलूची भाजी आणि भात.

एवढा वेळ ऑर्गनवाला छोट्या हत्तीच्या (छोट्या टेम्पोच्या) डाल्यात जळका ऑर्गन मांडीवर घेऊन बसला होता. त्याचं दुःख मला कळतं. चूक माझी होती, दुरुस्तीचा अर्धा खर्च मी दिला. पण परतीच्या रस्त्यात तो ऑर्गनबद्दल बोललाच नाही. म्हणाला, "आता तू वादक नाही रायला बे. ट्रॅकवाला झाला. खरा वादक मशीनच्या मागं नाही धावत." त्यानंतर त्याने तालुकाभर हेच सांगितलं. पुढच्या वर्षी मी कराओकेचं सामान घेतलं तेव्हा, "यानं आपल्या लोकाईच्या पोटावर पाय देल्ला."

त्याला तेव्हा उत्तर दिलं नाही. तुम्ही विचारलंय म्हणून इथे देतो.

पहिलं. २०१२ मध्ये त्याने नवा ऑर्गन आणला, आपोआप ठेका वाजवणारा. बटन दाबलं की ढोलक, काँगो, तबला सगळं सुरू. त्या हंगामात लहान कार्यक्रमांतून आमचा म्हातारा ढोलकीवाला गळला. "चार मानसं कायले पायजे लहान कार्यक्रमाले?" हे वाक्य कोणाचं? तेव्हा पोटावर पाय नव्हता, तेव्हा ती प्रगती होती. मशीन आपल्या हातात असलं की वाद्य, दुसऱ्याच्या हातात असलं की मशीन.

दुसरं. कराओके यंत्र कोणी काढलं? श्रेय बहुतेक जपानमधल्या कोबेच्या दाइसुके इनोउए यांना देतात, १९७१ च्या यंत्रासाठी. आणि हा गृहस्थ मूळचा ड्रमर! बारमध्ये गिऱ्हाइकांच्या गाण्यामागे वाजवायचा. बेसूर-बेताल माणसाला सांभाळून घ्यायचं कसं, हाच त्याचा धंदा होता, म्हणून त्याला यंत्र सुचलं. पेटंट घेतलं नाही, त्यामुळे पुढचा पैसा दुसऱ्यांनी कमावला. २००४ मध्ये त्याला इग नोबेल मिळालं, थट्टेचं असलं तरी शांततेचं: एकमेकांना सहन करायला शिकवल्याबद्दल. तेव्हा ड्रमर कराओकेत गेला म्हणजे परक्याच्या घरी गेला, असं कोणी म्हणू नये. घर आपल्याच माणसाने बांधलंय.

आणि तिसरं, ज्याचा तुम्हाला उपयोग आहे. ट्रॅक कोणासाठी थांबत नाही. त्या रात्रीपर्यंत मला वाटायचं माझी लय पक्की आहे. मिनिटाला ११० ठोक्यांवर उचललेलं गाणं मी शेवटाला १२० च्या पुढे नेत होतो आणि त्याला जोश म्हणत होतो. ट्रॅकवर वाजवायला लागलो तेव्हा उघडं पडलं. वर्षभर ट्रॅकवर वाजवल्यावर नाटक कंपनीच्या बुजुर्ग तबलजीने विचारलं, कोणाकडे शिकलास?

आता तुमचं सामान. सेट विकू नका, पण कार्यक्रमाला नेऊही नका. बांधा, उतरवा, जोडा, परत बांधा. अर्धी कमाई छोट्या हत्तीच्या भाड्यात जाते. पॅड घ्या. आपल्याकडे कोणत्याही कंपनीच्या पॅडला ऑक्टोपॅडच म्हणतात. ते नाव रोलँड या जपानी कंपनीने १९८५ मध्ये काढलेल्या पॅडचं. माझा रोलँडचा एसपीडी-२० जुनाच घेतलेला आहे, अठ्ठावीस हजारांत. आठ पॅड, ७०० आवाज, त्यातले मी वीस वापरतो. लहान कार्यक्रमाला तेवढे पुरतात. नवा कोणता घ्यावा यावर लोक रात्र-रात्र भांडतात. मला त्यात रस नाही.

कराओकेला सुरुवात ट्रॉली स्पीकर, दोन वायरवाले माइक आणि जुना टॅब यावर होते. टॅब स्पीकरला वायरने जोडा. ब्लूटूथने आवाज थोडा मागे राहतो, पडद्यावरचे शब्द पुढे पळतात आणि गाणारा बिचारा स्वतःला बेताल समजतो. ट्रॅक घरूनच उतरवून न्या, रेंजवर विसंबू नका. आणि पट्टी बदलता येईल असं अॅप ठेवा. बायकांनी पुरुषांच्या पट्टीतलं गाणं मागितलं की नवशिके कराओकेवाले तिथेच अडकतात. माणूस माइक धरताना घाबरलेला असतो, त्याची पट्टी तुम्हीच ओळखायची. हे ड्रमरला जमतं, कारण आपण जन्मभर दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहूनच वाजवलंय.

मैदानात भोंगे लांब लावले असतील तर त्यांच्याकडे कान देऊ नका. ३४ मीटरवरचा भोंगा सेकंदाचा दहावा भाग उशिरा ऐकू येतो. जवळच्या स्पीकरवर वाजवा.

डीजेचं म्हणाल तर आधी ठरवा, तुम्हाला डीजे व्हायचंय की डीजे घ्यायचाय. आपल्या भागात डीजे म्हणजे माणूस नाही, गाडी. बेसच्या भिंती, वर लायटिंग, मागे जनरेटर. ती गाडी घेऊ नका. चक्क सांगतो, घेऊ नका. कर्ज बारा महिन्यांचं आणि हंगाम चार महिन्यांचा. माझ्या ओळखीतल्या तिघांनी गाडी काढली, दोघांनी विकली. माणूस व्हायचं असेल तर लहान कंट्रोलर (गाणी मिसळायची पेटी) आणि लॅपटॉप पुरे, साउंड भाड्याने. ठेका मोजायला तुम्हाला शिकवायला नको. आठ-आठ मोजून बत्तिसाव्या मात्रेनंतर दुसरं गाणं आत आणा, बहुतेक नाचाची गाणी तिथेच वळतात. आणि वरून पॅड वाजवा. कंट्रोलरवाली पोरं गावोगावी झाली आहेत, पण ट्रॅकवर जिवंत पॅड वाजवणारा कमी सापडतो. लोकांना वाजवणारा हात दिसला पाहिजे. नागपूर-गोंदियाकडच्या धुमाल पार्ट्या (गाडीवरचे वाजंत्री ताफे) बघा. गाडीवर पॅड, बेंजो आणि ताशा असला की शेजारचा डीजे ओस पडतो.

मे महिन्यात लॅपटॉप उन्हात ठेवू नका. ब्रह्मपुरीचा पारा ४६ वर जातो तेव्हा तो वरातीच्या मधोमध बंद पडतो आणि नवरदेवाचा काका तुमच्याकडे बघतो.

आणि काही झालं तरी तीनशे रुपयांचा मल्टिमीटर पेटीत ठेवा. न्यूट्रल स्वतःच्या हाताने आवळा, सगळे दिवे लावून व्होल्टेज मोजा, मग सामान जोडा.

हे आधी सांगायला हवं होतं, पण माझं घर वाइंडिंगवर चालतं. वाजवण्यावर पोट असतं तर मी एवढं मोकळं बोललो असतो की नाही, सांगता येत नाही. धानाच्या रोवणीच्या दिवसांत बायको एकही बुकिंग डायरीत लिहू देत नाही. शिवाय डाव्या कानात मला रात्री शिट्टी ऐकू येते. तुम्ही आतापासून कानात बोळे घाला. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद हा २००० सालचा नियम आहे. सणांना राज्य सरकार वर्षातले मोजके दिवस १२ पर्यंत सवलत देतं, तेवढीच. वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि ड्रम वाजत राहिला तर ती सहज ओलांडते. ठाणेदाराची परवानगी कागदावर घ्या. लग्नात गाणी वाजवायला कॉपीराइट कायद्यात सूट आहे, तिकिटाच्या कार्यक्रमाला नाही.

किती कमाई होईल हे तुम्ही विचारलं होतं. ते गावावर आहे, मी काय सांगणार.

आणि आमचा ऑर्गनवाला हल्ली या साइटवर असतो असं कळलं. भाऊ, वाचत असशील तर माझा हाय-हॅटचा स्टँड अजून तुझ्याकडे आहे. क्लचसकट पाठव.