'पुट ऑफ' या इंग्रजी क्रियापदाचे अर्थ कोणते आणि त्याऐवजी कोणते शब्द वापरता येतात?

आपण विचारले आहे की 'पुट ऑफ' म्हणजे केवळ 'पुढे ढकलणे' का, 'पोस्टपोन', 'डिले' आणि 'डिफर' हे शब्द त्याच्या जागी सरसकट चालतात का, आणि मुलाखतीची तारीख बदलून मागण्याच्या ईमेलमध्ये यांपैकी कोणता शब्द लिहावा. मी पुण्यात मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवतो. तिथेही हा प्रश्न वारंवार निघतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

मुख्य अर्थ आपण म्हणता तोच आहे: ठरलेले काम किंवा कार्यक्रम पुढच्या तारखेवर नेणे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने १४ मार्च २०२१ रोजी होणारी राज्यसेवा पूर्वपरीक्षा पुढे ढकलल्याचे अवघे तीन दिवस आधी जाहीर केले आणि पुण्यात नव्या पेठेत शास्त्री रस्त्यावर विद्यार्थी उतरले, हे आपल्याला आठवत असेल. ती परीक्षा पुढे २१ मार्चला झाली. आयोगाने जे केले ते 'पुट ऑफ', आणि बातमीच्या किंवा परिपत्रकाच्या भाषेत 'पोस्टपोन'. या दोहोंच्या अर्थात फरक नाही, फरक आहे तो बोलण्याच्या आणि लिहिण्याच्या रीतीत. परीक्षा रद्दच झाली असती तर मात्र 'कॉल ऑफ' म्हणावे लागले असते, आणि या दोन क्रियापदांची गल्लत मला सर्वांत जास्त आढळते. टोकियोचे २०२० चे ऑलिंपिक २०२१ मध्ये झाले, म्हणजे ते 'पुट ऑफ' झाले. १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिक महायुद्धामुळे झालीच नाहीत, ती 'कॉल ऑफ' झाली.

'डिले'चे तसे नाही. 'पुट ऑफ'मागे कोणाचा तरी निर्णय असतो, तर 'डिले'मागे निर्णय असेल किंवा नसेलही. डेक्कन क्वीन पुण्याहून उशिरा सुटली तर ती 'डिलेड' असते, 'पुट ऑफ' नव्हे, कारण तिला कोणी पुढची तारीख दिलेली नसते. मराठीत 'उशीर होणे' आणि 'लांबणीवर टाकणे' यांत आपण जो भेद सहज पाळतो, तोच इथे पाळायचा आहे.

'डिफर' हा औपचारिक शब्द आहे. तो पैशाचा हप्ता, महाविद्यालयीन प्रवेश, एखादा निर्णय यांच्यासंदर्भात शोभतो. नागरीत लिहिताना तो 'वेगळे असणे' या अर्थाच्या दुसऱ्या 'डिफर'सारखाच दिसतो, पण उच्चारात लांबणीवर टाकण्याच्या शब्दाचा आघात दुसऱ्या अवयवावर (सिलेबलवर) पडतो आणि वेगळे असण्याच्या शब्दाचा पहिल्यावर. 'अ‍ॅडजर्न' म्हणजे आपले 'तहकूब करणे'. गणसंख्येअभावी किंवा श्रद्धांजली वाहून सभा तहकूब झाल्याच्या बातम्या पुणेकर नेहमी वाचतात. त्यासाठी हाच शब्द योग्य आहे. एखादी योजना बासनात गुंडाळली तर 'शेल्व्ह', आणि मुद्दाम वेळकाढूपणा केला तर 'स्टॉल'. 'प्रोक्रॅस्टिनेट' म्हणजे चालढकल करणे. त्यात लॅटिनमधला 'उद्या' दडलेला आहे, आणि हे क्रियापद सहसा कर्म घेत नाही, म्हणून 'परीक्षा प्रोक्रॅस्टिनेट केली' अशी वाक्यरचना टाळावी. उलट दिशेचा, म्हणजे तारीख अलीकडे आणण्याचा 'प्रीपोन' हा शब्द भारतीय इंग्रजीत रुळलेला आहे आणि तो वापरण्यात मला काहीही गैर वाटत नाही. परदेशी व्यक्तीशी बोलताना 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हटले की झाले.

आता जो भाग अनेकदा शिकवायचा राहून जातो आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, त्याकडे वळतो. 'ऑफ'मध्ये दूर सारण्याचा भाव आहे. तो लक्षात घेतला की 'पुट ऑफ'चे उरलेले अर्थ वेगवेगळे पाठ करावे लागत नाहीत. काम काळात दूर सारले तर ते लांबणीवर पडते. माणसाला दूर सारले, म्हणजे भेटायला आलेल्याला आज नको, शुक्रवारी या असे सांगत झुलवत ठेवले, तरी इंग्रजीत 'पुट समवन ऑफ' असेच म्हणतात; वाटाण्याच्या अक्षताच लावल्या असतील तर 'फॉब ऑफ' अधिक नेमके ठरते. मन दूर सारले गेले, तर एखाद्या गोष्टीचा उबग येतो: खानावळीतल्या वासाने जेवणावरची वासना उडाली तर 'द स्मेल पुट मी ऑफ माय फूड'. या अर्थाने 'डिस्करेज', 'डिटर' आणि 'रिपेल' हे जवळचे शब्द आहेत, 'पोस्टपोन' नव्हे. 'ऑफ-पुटिंग' हे विशेषणही याच अर्थाचे आहे. लक्ष दूर सारले गेले, तर एकाग्रता मोडते, आणि तिथे 'डिस्ट्रॅक्ट' चालतो; हा वापर प्रामुख्याने ब्रिटिश इंग्रजीतला. दिवा बंद करण्यासाठी आपल्याकडे 'पुट ऑफ' सर्रास म्हणतात, पण 'स्विच ऑफ' किंवा 'टर्न ऑफ' सगळीकडे समजते.

त्यामुळे समानार्थी शब्द शोधताना आधी कर्म पाहावे. कर्माच्या जागी सभा, परीक्षा किंवा निर्णय असेल तर विलंबाचे शब्द घ्यावेत. माणूस असेल तर पुढचे वाक्य वाचल्याशिवाय शब्द बदलू नये, कारण त्याला थांबवले आहे, त्याचे मन उडाले आहे की त्याचे लक्ष विचलित झाले आहे, हे संदर्भावरूनच कळते.

व्याकरणाच्या दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. कर्म नाम असेल तर 'पुट ऑफ द मीटिंग' आणि 'पुट द मीटिंग ऑफ' ही दोन्ही रूपे बरोबर आहेत, परंतु सर्वनाम मध्येच बसते: 'पुट इट ऑफ', 'पुट ऑफ इट' हे चूक. शिवाय पुढे क्रियापद आले तर ते 'इंग'कारान्त असते. दंतवैद्याकडे जाणे लांबवत राहिलो, हे 'आय केप्ट पुटिंग ऑफ गोइंग टू द डेंटिस्ट' असे लिहावे. 'टू गो' इथे चालत नाही. भूतकाळातही 'पुट' तसेच राहते.

आपल्या ईमेलमध्ये मात्र मी 'पुट ऑफ' लिहिणार नाही. स्वतःच्या कामाबद्दल हा शब्द वापरला की त्यात टाळाटाळीची छटा येऊ शकते, आणि उमेदवाराने ती ओढवून घेऊ नये. 'पोस्टपोन' चूक नाही, पण त्यातून नवी तारीख सुचवली जात नाही. 'रीशेड्यूल' सर्वांत योग्य, कारण त्यात दुसरी वेळ ठरवण्याची तयारी दिसते. 'वुड इट बी पॉसिबल टू रीशेड्यूल माय इंटरव्ह्यू?' असे विचारावे, तारीख बदलण्याचे कारण एका वाक्यात द्यावे आणि आपल्याला सोयीच्या दोन तारखा त्याच ईमेलमध्ये कळवाव्यात.