ओळ आधी बोलून बघ

प्रिय पोरी,

रात्री सव्वा वाजता पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. ‘ताई, मी बदलले की बिघडले?’ एवढंच, आणि खाली तुझ्या नव्या गाण्यांवरच्या कमेंटचे सात-आठ स्क्रीनशॉट. सगळे वाचले. गिटार कुठे गेली, आता तू इतरांसारखीच वाटतेस, पहिल्या अल्बममधली ती मुलगी आम्हाला परत दे. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू नुसतं ‘हो ताई, हो ताई’ करतेस आणि मग मीही भरकटते. म्हणून लिहायला बसले.

नवी तिन्ही गाणी मी रविवारीच ऐकली होती. आधी तू दिलेल्या हेडफोनवर, मग कॉम्प्युटरवर, मग ओट्याशी उभी राहून, कुकर लावलेला असताना, फोनच्या स्पीकरवर. लोक असंच ऐकतात. तिन्ही वेळा वही जवळ होती. त्या वहीत गिटारबद्दल एक अक्षरही नाही.

चार वर्षांपूर्वी तू पटवर्धन बागेत माझ्या घरी पहिल्यांदा आलीस, गिटारच्या तिसऱ्या पडद्यावर कॅपोचा चिमटा लावलास आणि चटईवर बसून एक गाणं म्हणालीस. पुढे त्याच गाण्यांचा पहिला अल्बम झाला, दाराला गादी टेकवून घरातल्या घरात रेकॉर्ड केलेला. लोकांना वाटतं त्यांना तुझी गिटार आवडली होती. गिटार तू तेव्हाही बेताचीच वाजवायचीस. मला आठवतं ते हे, की तू गात असताना मला एकदाही ‘काय म्हणालीस?’ असं विचारावं लागलं नव्हतं.

तेव्हा नव्या आवाजाचं आधी सांगून टाकते आणि तो विषय संपवते. सिंथ, तो गिटारच्या जागी आलेला यंत्राचा सूर, मला आवडला. दुसऱ्या गाण्यात तो संथ सूर चार-पाच सेकंद एकटाच राहतो आणि मग त्यावर तुझा आवाज येतो. तंबोरा जुळून झाला की गाणारा तोंड उघडेपर्यंत खोलीत जी शांतता असते ना, ती मला तिथे मिळाली. स्वतःच्याच आवाजाचे थर एकावर एक लावलेस तेही छान, फक्त शेवटच्या कडव्यात दोन थर कमी हवेत. तिसऱ्या गाण्यातल्या त्या मशीनच्या टाळ्या निम्म्या कर. झालं. बदललीस, ते योग्य केलंस. चोवीस वर्षांच्या बाईने विसाव्या वर्षीच्या आवाजात का गात राहावं?

आता वहीत काय आहे ते ऐक.

पहिल्या गाण्यातली तुझी ओळ, ‘सगळा काळ पायरीवर बसून काढला’. चांगली ओळ आहे, मला हेवा वाटावा इतकी. पण ऐकू काय येतं? ‘सगला काल पाय’, मग अर्धा ठोका मोकळा, मग ‘रीवर बसून’. काळ गेला तो कालवर आला, आणि पायरी मधोमध चिरली. मी तीनदा मागे घेऊन ऐकलं. ओळ मला माहीत होती म्हणून लागली. तिसऱ्या गाण्यात ‘जगात या जगायचं कसं’. ‘जगात’चा ज जीवनातला, ‘जगायचं’चा ज जागेतला. लिहिताना दोन्ही एकच दिसतात, जीभ मात्र दोन्हींसाठी वेगळ्या जागी जाते. हा फरक तुला कुणी शिकवला नव्हता, तो तुझ्या आजीच्या तोंडून तुझ्या कानात आला होता. नव्या गाण्यात दोन्ही ज सारखेच झाले आणि ओळीतला सगळा पीळ त्या दोन ज-मध्ये होता, तो गेला.

हे कसं झालं तेही मला माहीत आहे. तू आधी बीट लावलास, त्यावर ‘ना ना, ओ ओ’ करत इंग्रजी वळणाची चाल गुणगुणलीस आणि मग तिच्या खाचांत मराठी अक्षरं भरलीस. चालीवर शब्द लिहिणं हा गुन्हा नाही, आपल्या सिनेमातली कितीतरी गाणी तशीच झाली. पण इंग्रजीत शब्दातल्या एका अक्षरावर आघात पडतो, उरलेली गिळली तरी माणसाला कळतं. मराठीत तो आघात नावापुरता. आपल्याकडे अर्थ टिकतो तो अक्षराच्या लांबी-आखूडपणावर आणि जीभ नेमकी कुठे टेकते त्यावर. ‘ळ’ला जीभ मागे वळते, टाळूला टेकते आणि झटकन सुटते. माईकला ओठ लावून, कुजबुजल्यासारखं, स्वर वाकवत गायची जी तऱ्हा हल्ली आली आहे (कर्सिव्ह म्हणता ना तुम्ही तिला?), तिच्यात त्या जिभेला वळायला वेळच मिळत नाही. मग ळ चा ल, ण चा न. त्यावर सिंथची चादर, त्यावर आवाजाचे चढउतार दाबून सपाट करणारा कॉम्प्रेसर. मिक्स करणाऱ्या मुलाला बोल लावू नकोस. तोंडातून जे सुटलंच नाही ते तो कुठून आणणार?

म्हणून सांगते, ओळ आधी बोल, मग गा. वाद्य बंद, बीट बंद, मेट्रोनोम बंद. खिडकीत उभी राहा आणि खाली कुणाला तरी सांगावं तशी ती ओळ मोठ्याने बोल. दहा वेळा. कुठे थांबतेस, कुठे श्वास घेतेस, कुठला शब्द लांबतो, ते बघ. मग चाल लाव. चाल आणि बोलणं यांची ओढाताण झाली तर चाल वाकव. ‘पण ताई, तोच तर हुक आहे, लोकांच्या डोक्यात बसणारा तुकडा’ हे मी तुझ्या तोंडून दोनदा ऐकलं आहे, तिसऱ्यांदा ऐकायचं नाही. हुक वाकतो. मराठी वाकवलीस तर ती तुटते.

तुला वाटेल म्हातारी भावगीताच्या काळात अडकली आहे. तर तो काळही नीट बघ. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, आपल्या पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. वर्षभर, दर आठवड्याला नवं गाणं, एकूण छप्पन्न. शब्द गदिमांचे, चाली बाबूजींच्या. कधी माणिक वर्मा, कधी वसंतराव देशपांडे, गळे वेगळे, राग वेगळे, ताल वेगळे. प्रत्येक आठवड्याला नवा आवाज म्हण ना! आणि खरखरणाऱ्या रेडिओवर, एकदाच, वाड्यातल्या दहा माणसांनी मिळून ऐकलं तरी गाणं पोचत होतं, कारण अक्षर जागच्या जागी होतं. माझी आई त्या वर्षी शाळकरी मुलगी होती. ती सांगायची, गाणं संपेपर्यंत ध्रुपद पाठ झालेलं असायचं. आवाज छप्पन्न वेळा बदलला, ओळ एकदाही मोडली नाही.

आणि ज्यांचं पोस्टर तुझ्या खोलीत आहे त्यांचंच सांगायचं तर, २५ जुलै १९६५ ला न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन विजेची गिटार आणि बँड घेऊन उभे राहिले आणि श्रोत्यांतून आरडाओरडा झाला. ही गोष्ट तुम्ही मुलं एकमेकांना सांगता ती अशी, की जुन्या लोकांना नवं सोसलं नाही. पण त्या दिवशी सगळ्यात जास्त भडकलेले जुने लोकगायक पीट सीगर पुढे वर्षानुवर्षं सांगत राहिले, की राग विजेच्या गिटारीचा नव्हता, आवाज इतका फाटत होता की शब्द कळत नव्हते. मी त्यांच्या बाजूची आहे. माझ्यावरही तोच आरोप झाला म्हणून असेल.

ते तुला कधी सांगितलं नव्हतं. १९९४ साली माझी एक कॅसेट निघाली, आठ गाण्यांची, शब्द माझे, चाली माझ्या. माझ्याबरोबर कॉलेजपासून वाजवणारा एक मित्र होता. त्याने कर्ज काढून कीबोर्ड आणला होता आणि चार गाण्यांत त्याला तो वाजवायचा होता. मी नाही म्हणाले. पेटी, तबला, एक गिटार, बास. तीन आठवडे भांडलो. म्हात्रे पुलावर उभं राहून भांडल्याचं आठवतं, खाली मुठेला पाणी नव्हतं आणि तो म्हणत होता, ‘तू नुसता एक सूर ऐक तरी.’ मी ऐकला नाही. तो मुंबईला गेला. मी त्याच्याशी वाईट वागले असं सगळे म्हणाले, अजून म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. त्या वेळचे कीबोर्डचे आवाज पातळ, खोटे होते, आणि गाण्याची राखण करणं माझं काम होतं. कुणीतरी ते करायलाच हवं होतं. हे मी आजही त्याच्या तोंडावर म्हणेन.

पण दुसरी गोष्ट आहे आणि तिच्यावर माझ्याकडे उत्तर नाही. सातव्या गाण्याचं रेकॉर्डिंग, स्टुडिओची शिफ्ट संपायला पंधरा मिनिटं उरलेली. ओळ होती, ‘अजून दिवा आहे उंबऱ्यावर’. चालीत ‘अ’वर उडी होती, ती मीच घातलेली, कारण तो सूर माझ्या गळ्यात छान लागायचा. टेक ऐकला तेव्हा ‘जू’च्या आधी आवाज हिंदकळला होता. मी म्हणाले, एकदा परत घेऊ. काचेपलीकडून उत्तर आलं, ‘कळतंय की लोकांना, चालतंय.’ मी हेडफोन काढला. कीबोर्डसाठी तीन आठवडे भांडणारी मी, त्या एका शब्दासाठी तीन मिनिटं भांडले नाही.

कॅसेट घरी आली त्या दिवशी आईने भाजी निवडता निवडता फडताळावरचा टेप लावला. सातवं गाणं आलं. तिने मान वर करून विचारलं, ‘अर्जुन कोण गं?’

तिने गीतरामायण रेडिओवर एकदा ऐकून पाठ केलं होतं. माझं गाणं, माझ्या आईला, दोन हातांवरून कळलं नाही. मी म्हणाले, ‘अर्जुन नाही आई, अजून.’ ती ‘हो का’ म्हणाली आणि परत भाजी निवडायला लागली. तिला जाऊन अकरा वर्षं झाली. ती कॅसेट आता कुणाकडे नाही, पण मला ती ओळ अजून तशीच ऐकू येते.

म्हणून तुझा प्रश्न वाचून माझा जीव कासावीस झाला आणि थोडा संतापही आला. तू रात्र जागवलीस कशासाठी? सिंथसाठी, गिटारसाठी, कुणी तुला काय म्हटलं त्यासाठी. मीही नको त्या गोष्टीसाठी भांडत बसले होते. त्या स्क्रीनशॉटमधल्या लोकांपैकी एकानेही ‘काळ’चा ‘काल’ झाला असं लिहिलं नाही. त्यांना काहीतरी हरवल्याचं जाणवतंय, पण काय ते नेमकं सापडत नाही, मग जे डोळ्यांना दिसत नाहीसं झालं त्याचं नाव घेतात, गिटार. तू त्यांचं ऐकून गिटार परत आणशील आणि ‘सगला काल’ तसाच राहील.

आणि हो, उरलेल्या गाण्यांच्या अकूस्टिक, म्हणजे नुसत्या गिटारवरच्या, आवृत्त्या काढायचं जे तुझ्या डोक्यात आहे ते काढून टाक. माफीनामा म्हणून गाणं गायचं नसतं. तुझा प्रोड्यूसर म्हणतो ना, अ‍ॅपवर गाणं तीस सेकंद ऐकल्याशिवाय ते ऐकलं म्हणून मोजलंच जात नाही, म्हणून ध्रुपद लवकर आण? आण लवकर. यात मला काही वाटत नाही. तबकडीच्या काळात ख्याल गाणाऱ्या मोठमोठ्या लोकांनी तीन-साडेतीन मिनिटांत राग बसवला. वेळेचा साचा नेहमी बाहेरूनच येतो, त्यात मावायला शिकता येतं. फक्त त्या तीस सेकंदांत जे म्हणशील ते मला ओट्याशी उभं राहून, शिट्टी होत असताना, कळलं पाहिजे. ओळ आधी बोल. मी हे आणखी शंभर वेळा म्हणेन, तू वैताग.

उरलेल्या सहा गाण्यांचं मास्टरिंग, तो आवाजावरचा शेवटचा हात, अजून व्हायचं आहे ना? मग वेळ आहे. मिक्स करणाऱ्या मुलाला आजच सांग की आठ दिवस थांब. तो कुरकुरेल, पैशांचं बोलेल. जास्तीच्या तासांचे पैसे मी देईन, यावर वाद घालायचा नाही. निघालेल्या तीन गाण्यांचं काय करता येतं ते त्याला विचार, पण त्यात अडकून पडू नकोस.

शनिवारी दुपारी ये. लॅपटॉप नको, गिटारही नको. सहाही गाण्यांचे शब्द हाताने, मोठ्या अक्षरात लिहून आण, प्रत्येक ओळ नव्या ओळीवर. आपण गच्चीत बसू. तू एका टोकाला, मी टाकीपाशी दुसऱ्या टोकाला, आणि तू मला एकेक ओळ बोलून दाखवायची. जी मला पोचणार नाही तिच्यापुढे मी पेन्सिलने फुली मारीन. पोहे करून ठेवते, पण ते सहावं गाणं झाल्यावर.

दाराची बेल बंद पडली आहे. खालून हाक मार.

तुझी
ताई