आयुष्मान कार्ड घेणारा फॅमिली डॉक्टर कसा शोधावा?

आपण लिहिले आहे की, नोकरीनिमित्त आपण नुकतेच पुण्यात स्थायिक झाला आहात, 72 वर्षांच्या वडिलांना मधुमेह आणि आईला रक्तदाबाचा त्रास आहे, दोघांचीही आयुष्मान कार्डे काढलेली आहेत आणि तरीही घराजवळच्या तीन दवाखान्यांनी ‘आम्ही कार्ड घेत नाही’ असे सांगितले. त्या तिन्ही डॉक्टरांनी आपल्याला खरे तेच सांगितले आहे. आयुष्मान भारत योजना काय किंवा आपल्या राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना काय, दोन्ही मुळात रुग्णालयात भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. ठरलेल्या शस्त्रक्रियेसाठी किंवा उपचारासाठी ठरलेली रक्कम अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील करून घेतलेल्या, रुग्णालयाला मिळते. ज्याच्याकडे खाटाच नाहीत, त्या गल्लीतल्या डॉक्टरने ताप तपासला किंवा मधुमेहाची गोळी बदलून दिली, तर त्याचे पैसे देण्याची सोयच या योजनांत नाही. केंद्रीय योजनेच्या नियमांनुसार भरतीपूर्वीचे 3 दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे 15 दिवस यांचा खर्च त्यात धरलेला असतो, पण तोही त्या भरतीशी जोडलेला. त्यामुळे कार्ड घेणारा फॅमिली डॉक्टर शोधण्यात आपण आणखी दिवस घालवू नयेत, असे मला वाटते.

याला एक मोठा अपवाद आहे आणि तो पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आपला मासिक पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल आणि पगारातून दरमहा 0.75 टक्के रक्कम राज्य विम्यासाठी कापली जात असेल, तर आपण कर्मचारी राज्य विमा योजनेत आहात आणि या योजनेत बाह्यरुग्ण तपासणी व औषधेही मिळतात. विम्याचे स्वतःचे दवाखाने आहेतच, शिवाय काही ठिकाणी स्वतःचा खासगी दवाखाना चालवणारे डॉक्टर ‘पॅनेल डॉक्टर’ म्हणून नेमलेले असतात. सरकारी विमा घेणारा फॅमिली डॉक्टर म्हणून जे चित्र आपल्या मनात आहे, त्याच्या सर्वांत जवळ जाणारी व्यवस्था हीच. विमाधारकावर अवलंबून असलेल्या आईवडिलांचीही नावे, उत्पन्नाची अट पाळून, त्यात नोंदवता येतात. नोंदणीच्या वेळी दवाखाना किंवा पॅनेल डॉक्टर निवडायचा असतो आणि कंपनीतला कारकून पुष्कळदा कोणालाही न विचारता कारखान्याजवळचा दवाखाना भरून मोकळा होतो. आपल्या ई-पहचान कार्डावर, म्हणजे या विम्याच्या ओळखपत्रावर, कोणता दवाखाना छापला आहे, तो एकदा पाहून घ्या. तो घरापासून दूर असेल, तर बदलून मागता येतो. केंद्र सरकारच्या सेवेतले किंवा निवृत्त लोक असतील, तर त्यांच्यासाठी सीजीएचएसची, म्हणजे केंद्र सरकारी आरोग्य योजनेची, आरोग्य केंद्रे पुण्यात आहेत, पण आपल्या लिहिण्यावरून तो प्रश्न आपल्या घरात नसावा.

यांपैकी काहीच लागू नसेल, तर मधुमेह आणि रक्तदाब यांच्या नेहमीच्या गोळ्यांसाठी महापालिकेचा दवाखाना किंवा आयुष्मान आरोग्य मंदिर हे सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. या केंद्रांच्या नावातल्या ‘आयुष्मान’मुळे बऱ्याच जणांना वाटते की तिथे कार्ड दाखवावे लागते, तसे मुळीच नाही, तिथली तपासणी सर्वांसाठी आहे. (नावे ठेवताना लोकांचा असा गोंधळ होईल, हे कोणाच्या लक्षात कसे आले नाही, कोण जाणे.) गर्दी मात्र असते आणि दर वेळी तोच डॉक्टर भेटेल याची खात्री नसते, म्हणून घराजवळचा एक खासगी डॉक्टर रोख फी देऊन धरून ठेवावा, असा माझा आग्रह आहे. औषधे त्याने लिहून द्यावीत आणि आपण ती जनऔषधी केंद्रातून, म्हणजे स्वस्त जेनेरिक औषधांच्या सरकारी योजनेतल्या दुकानातून, घ्यावीत. दोन वृद्ध माणसांच्या महिन्याच्या खर्चात त्याने बराच फरक पडतो.

हा डॉक्टर निवडताना मी कार्डाऐवजी दुसरीच गोष्ट विचारतो: परिसरातले कोणते रुग्णालय कोणत्या आजारासाठी योजनेत आहे, हे त्याला ठाऊक आहे का? हे मी अनुभवाने शिकलो. माझ्या सासऱ्यांच्या छातीत दुखू लागले, तेव्हा दारावर योजनेचा फलक आहे एवढेच पाहून आम्ही रात्री एका रुग्णालयात शिरलो आणि तिथे कळले की, ते योजनेत आहे खरे, पण केवळ अस्थिरोगासाठी. रुग्णालय एकेका विशेषतेसाठी अंगीकृत होते, सरसकट नव्हे, ही गोष्ट आम्हांला कोणी सांगितली नव्हती आणि आम्हीही विचारली नव्हती. त्या धावपळीत दोन तास गेले. पुढे आमच्या जुन्या डॉक्टरांनी फोनवर दुसरे रुग्णालय सांगितले आणि तिथल्या आरोग्यमित्राने, म्हणजे रुग्णांना मदत करणाऱ्या योजनेच्या प्रतिनिधीने, रेशनकार्ड व आधार पाहून पूर्वपरवानगीची कागदपत्रे पुढे पाठवली. प्रत्येक अंगीकृत रुग्णालयात असा आरोग्यमित्र बसतो. आपण घाई नसताना, आत्ताच, जवळच्या दोन रुग्णालयांत जाऊन त्याला हृदय, मूत्रपिंड आणि मेंदू यांचे उपचार तिथे योजनेतून होतात का, हे विचारून ठेवावे. राज्य योजनेच्या 155388 या क्रमांकावरही चौकशी करता येते.

वडिलांचे वय 70 च्या पुढे आहे, म्हणून त्यांच्याकडे असलेले कार्ड ज्येष्ठांसाठीचे वय वंदना कार्ड आहे की कुटुंबाचे नेहमीचे आयुष्मान कार्ड, हेही तपासून पाहा. ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षे व त्यावरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असले तरी, वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे (एका कुटुंबातल्या अशा ज्येष्ठांना मिळून) संरक्षण मिळते आणि कुटुंब आधीच योजनेत असेल, तर हे ज्येष्ठांसाठीचे 5 लाख वेगळे धरले जातात. आईचे वय आपण लिहिलेले नाही. त्या सत्तरीच्या आत असतील, तर त्यांचा हक्क रेशनकार्डावरून ठरेल, म्हणून त्या कार्डावर त्यांचे नाव आधारप्रमाणेच लिहिलेले आहे ना, एवढे भरतीची वेळ येण्याआधी पाहून ठेवावे.