शाळेतील दादागिरी : काम बघ्यांपासून सुरू करावे

आपला प्रश्न असा आहे की, दादर-परळ भागातील आपण काही महाविद्यालयीन मित्रमैत्रिणी आपल्याच जुन्या मराठी शाळेत मुलांमधील दादागिरीविरुद्ध काम करू इच्छिता आणि त्यासाठी एक पथनाट्य व सामूहिक प्रतिज्ञा योजली आहे, तर एवढे पुरेसे होईल का? मुंबईतील शाळांत समुपदेशनाचे काम करताना जे पाहिले त्यावरून माझे स्पष्ट मत असे की पथनाट्य जरूर करावे, परंतु काम तिथेच थांबले तर पुढच्या सोमवारी मधल्या सुट्टीत सारे पूर्ववत चालू होईल.

याचे कारण असे की अशा कार्यक्रमांत छळणारा आणि छळ सोसणारा एवढे दोघेच डोळ्यांसमोर असतात, आणि ज्यांच्या हसण्यावर हा सारा प्रकार चालतो ती भोवतीची मुले विचारातच घेतली जात नाहीत. कॅनडातील शाळांच्या मैदानांवर केलेल्या निरीक्षणांचा एक अभ्यास 2001 साली प्रसिद्ध झाला. त्यात अशा 88 टक्के प्रसंगांत इतर मुले हजर होती, ती मध्ये पडली मात्र केवळ 19 टक्के प्रसंगांत. आणि जेव्हा पडली तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा दहा सेकंदांच्या आत छळ थांबला. फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठाने विकसित केलेला आणि 2009 पासून त्या देशभर राबवला गेलेला ‘किवा’ हा कार्यक्रम याच बघ्यांवर भर देतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. तोफी आणि फॅरिंग्टन या संशोधकांनी 2011 मध्ये अनेक देशांतील उपक्रमांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा ज्या उपक्रमांत समवयस्क मुलांकडेच मध्यस्थीसारखी कामे सोपवली होती तेथे छळ सोसणाऱ्यांचे प्रमाण वाढल्याचे आढळले. नॉर्वेचे डॅन ओल्वेअस यांनी छळाची जी व्याख्या केली तिच्यात दोघांमधील बळाची विषमता हा मुख्य भाग आहे. त्यामुळे दोघांना समोरासमोर बसवून ‘चला, हात मिळवा’ म्हणणे हे दुबळ्या मुलावर अन्याय करणारे ठरते, कारण शाळा सुटल्यावर त्याला त्याच रस्त्याने घरी जायचे असते. हे काम आपणही करू नये आणि मुलांनाही करायला लावू नये.

मग मुलांनी करायचे काय? अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात 56 माध्यमिक शाळांमध्ये 2012-13 या वर्षी झालेला प्रयोग मला सर्वांत उपयोगी वाटतो. तेथे प्रत्येक विद्यार्थ्याला, तू कोणासोबत वेळ घालवतोस, त्या दहाजणांपर्यंतची नावे लिही, असे सांगितले गेले. नंतर निवडलेल्या शाळांत मुलांचे छोटे गट केले गेले आणि आपल्या शाळेत काय खुपते व त्यावर काय करावे हे त्या मुलांनीच ठरवले. त्या शाळांत विद्यार्थ्यांमधील भांडणांच्या नोंदी सुमारे 30 टक्क्यांनी घटल्या, आणि ज्या गटांत पुष्कळांनी नाव घेतलेली मुले अधिक होती तेथे परिणाम अधिक दिसला.

आपल्याकडे निवड शिक्षकांवर सोडली की मॉनिटर, स्कॉलरशिपवाले आणि वक्तृत्वात बक्षीस मिळवणारे पुढे येतात. गुणी मुले असतात ती, पण वर्ग त्यांच्याकडे पाहून वागत नाही. कबड्डीचा संघ कोण पाडतो, कोणाच्या विनोदावर मागचे बाक हसतात, कोणत्या मुलीने इन्स्टाग्रामवर टाकलेले सगळ्या वर्गाला ठाऊक असते, हे पाहावे. त्यांतली एक-दोन मुले स्वतःच इतरांना चिडवणारी निघतील. त्यांनाही अवश्य घ्यावे. ‘जाड्या’, ‘काळ्या’, ‘बोबड्या’ या हाकांवर अशा मुलांनी हसणे थांबवले की त्या हाकांतली मजा संपते. एकट्याने डबा खाणाऱ्याला आपल्या घोळक्यात बसवणे, फाटकापर्यंत त्याच्यासोबत चालणे आणि ‘चुगलखोर’ म्हणतील ही भीती असल्याने दोघांनी मिळून बाईंना सांगणे, एवढी कामे सुरुवातीला पुरेत. दोन अधिवेशनांत भरणाऱ्या शाळांत सकाळची मुले सुटताना आणि दुपारची येताना जिन्यात व फाटकाशी जी गर्दी होते, तेथे लक्ष कोणाचेच नसते. गटाने पहिला विचार त्या वेळेचा करावा.

मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्यावी आणि पालक-शिक्षक संघाला आधीच विश्वासात घ्यावे. शासनाच्या 2022 च्या निर्णयानुसार शाळेत मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती असावयास हवी. तिच्या सदस्यांना भेटावे. आपण राष्ट्रीय सेवा योजनेत असाल तर कार्यक्रम अधिकाऱ्यांमार्फत गेल्यास दार लवकर उघडते. एखादे शिक्षकच मुलाला टोपणनावाने हिणवत असतील तर मुलांनी तेच उचलले म्हणून त्यांना दोष देणे व्यर्थ आहे. शिक्षण हक्क कायद्याचे कलम 17 मानसिक छळालाही मनाई करते, हे मुख्याध्यापकांशी एकांतात, पण ठामपणे बोलावे.

मुले विश्वासाने बोलू लागली की ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचन मात्र कधीही देऊ नये. लैंगिक छळाची गोष्ट कळल्यास पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणे आपल्यावर बंधनकारक असते. त्याखेरीज मूल संकटात आहे असे वाटल्यास 1098 या बाल हेल्पलाइनवर कळवता येते. हे दोन्ही पहिल्याच बैठकीत मुलांना सांगून टाकावे.

शाळा जूनमध्ये उघडतात, तेव्हा परवानगीचा अर्ज एप्रिलमध्येच द्यावा, जुलैअखेर गट ठरवावा आणि दर पंधरा दिवसांनी न चुकता भेटावे. पथनाट्य दिवाळीनंतर ठेवावे, आणि ते गटातल्या मुलांनीच लिहावे.