जुन्या स्प्रॉकेटवर (चेन जिच्यावर फिरते त्या दातेरी चाकावर) नंबर नाही, नवा बनवायला माप कसं काढायचं?

आधी चेन मोजा, स्प्रॉकेट नंतर. झिजलेल्या दातांवरून काढलेलं माप हमखास फसवतं.

समजा चेन अर्धा इंची (०८बी) आहे: पिच (लागोपाठच्या दोन पिनांच्या मध्यांमधलं अंतर) १२.७ मिमी, रोलर (पिनेवर फिरणारी गोल नळी) ८.५१ मिमी. दात १९.

पीसीडी (चेनच्या पिनांचे मध्य ज्या वर्तुळावर येतात त्याचा व्यास) = पिच ÷ साइन(१८०° ÷ दात), म्हणजे ७७.१६ मिमी. त्यातून रोलरचा व्यास वजा केला की दातांच्या तळाचा व्यास ६८.६५ मिमी. बाहेरचा व्यास साधारण पिच × (०.६ + कॉट(१८०° ÷ दात)) (कॉट म्हणजे कोटँजंट), म्हणजे सुमारे ८३.७ मिमी.

दात विषम असले की एक गोष्ट सांभाळा. दोन दातांमधल्या खाचेच्या बरोबर समोर दात येतो, त्यामुळे व्हर्नियरने तळ ते तळ मोजलं तर ६८.३९ च मिळतं. तोच तळव्यास धरून टर्नरला दिला तर खाच खोल जाते.

स्प्रॉकेटचा प्रकार हबवरून (शाफ्टवर बसणाऱ्या मधल्या जाड भागावरून) ठरतो. ए म्हणजे नुसती प्लेट, बी एका बाजूला हब, सी दोन्ही बाजूंना, डी म्हणजे सुटा होणारा हब. साध्या कामाला बी पुरतो. मोठ्या, जड स्प्रॉकेटला मात्र मी सीच घेईन, शाफ्टवर पकड चांगली बसते.

आणि चेन ताणली गेली असेल तर तीही बदला, नाहीतर नवे दात लवकर झिजतील.