शेअर, फाळ आणि घरफाळा

प्रश्न असा आला आहे: ‘शेअर’ या इंग्रजी शब्दाला वाटा, कंपनीतला भाग, मोबाइलवरून फोटो पाठवणं, मनातलं सांगणं आणि वर नांगराचा फाळ, इतके अर्थ कसे? हा एकच शब्द की दोन? आणि या सगळ्यांना पुरेल असा एक मराठी शब्द कोणता? जाता जाता ‘सिंहाचा वाटा’ आपला की इंग्रजीतून आलेला, हेही विचारलं आहे.

एका शब्दाची मागणी आधी निकालात काढतो. असा शब्द नाही आणि तो शोधूही नये. शोधायला गेलं की काय होतं ते रोज मोबाइलच्या पडद्यावर दिसतं. ‘सामायिक करा’! हे ज्याने कुणी केलं असेल त्याने आयुष्यात एकदा तरी सातबारा उघडून पाहायला हवा होता. सामाईक विहीर, सामाईक बांध, सामाईक भिंत, सामाईक खातं. जे अजून कापलं गेलेलं नाही, ज्यात तुझं किती नि माझं किती हे जमिनीवर आखलेलं नाही, ते सामाईक. वाटप झालं, मोजणी झाली, खुणा रोवल्या, की सामाईकपण संपलं आणि ज्याचा त्याचा हिस्सा सुरू झाला. ‘शेअर’चा मूळ अर्थ या दुसऱ्या टोकाचा आहे. थोडक्यात, भाषांतर नुसतं बोजड असतं तर सोडून दिलं असतं. ते नेमकं उलट्या अर्थाचं आहे. शिवाय जैन घरांत ‘सामायिक करा’ याला पिढ्यान्‌पिढ्यांचा एक पक्का अर्थ आहे. आसन घालून ४८ मिनिटं समभावात, शांत बसा. आता हे सगळं सोडून लग्नाचे फोटो कुणाला पाठवायचे?

वाटा, हिस्सा, भाग यांत मी शिरत नाही, ते कोणत्याही कोशात मिळतील. कंपनीच्या शेअरबद्दलही दोनच वाक्यं. मराठी धंद्यात त्याला ‘पत्ती’ हा चांगला खमंग शब्द होता, पत्तीदार होते. पण १८६०च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, कंपन्यांचं पीक आलं, १८६५ साली युद्ध संपताच सगळं कोसळलं, आणि १८७५ साली दलालांनी रीतसर संघटना काढली तेव्हा तिच्या नावातच ‘शेअर’ होता. तो शब्द आता इथला रहिवासी आहे. त्याला हाकलून ‘समभाग’ आणलात तरी दलाल स्ट्रीटवर ‘समभाग’ कुणी विकत नाही, तो फक्त वर्तमानपत्रात छापतात.

आता खरी गंमत. जुन्या इंग्रजीत ‘शेरन’ म्हणजे कापणं. त्याच घरातून कापून वेगळा केलेला भाग म्हणजे शेअर. मेंढीची लोकर कातरतात ते ‘शिअर’. आखूड कापलेलं ते ‘शॉर्ट’. फुटक्या मडक्याची खापरी ती ‘शार्ड’. काठीवर खाच पाडून मोजायचे तो ‘स्कोअर’. शर्ट आणि स्कर्ट हे तर एकाच शब्दाचे दोन अवतार. मुळातला ‘स्क’ इंग्लंडात ‘श’ झाला, स्कँडिनेव्हियातून आलेल्या जुळ्या भावात ‘स्क’च राहिला. धर्मोपदेशकाच्या डोक्यावरचे केस कापत, त्या मुंडनालाही जुन्या इंग्रजीत शेअरचाच पूर्वज वापरत. आणि जमीन कापत जाणारं नांगराचं लोखंडी पातं, तोही शेअर. तुम्ही विचारलेला फाळ तो हाच.

इंग्रजी कोशकार ‘वाटा’ आणि ‘फाळ’ यांच्या दोन वेगळ्या नोंदी करतात, एक आणि दोन असे आकडे घालून. का, तर जुन्या इंग्रजीत दोघांची रूपं किंचित वेगळी होती. होती ना, मान्य. पण दोघेही कापण्याच्याच पोटचे हे तेच कोश पुढच्या ओळीत सांगतात. सख्ख्या भावांची नावं दोन रेशनकार्डांवर घातली म्हणून ते परके होत नाहीत.

दुसऱ्या बाजूला आपल्याकडचे काही उत्साही आहेत. त्यांच्या मते शेअर हा संस्कृत ‘क्षुर’पासून आला. क्षुर म्हणजे वस्तरा, वस्तरा कापतो, शेअर कापलेला, झालं सिद्ध! कानाला सारखं लागलं की सोयरीक जमवायची ही पद्धत लग्नातसुद्धा चालत नाही. क्षुराचं नातं ग्रीक भाषेतल्या वस्तऱ्याशी आहे, शेअरशी नाही. संस्कृतात शेअरचा खरा चुलतभाऊ हवा असेल तर तो ‘कृत्’ हा धातू, कृन्तति, कापतो. मूळ रूपाच्या तोंडाशी असलेला ‘स’ कुठे टिकतो, कुठे गळतो. संस्कृतात तो गळला आणि ‘क’ उरला. त्या कृत् पासून कर्तन, कर्तरी, आणि कर्तरीची आपली कात्री. शिंप्याच्या हातातली कात्री आणि डिमॅट खात्यातला शेअर हे लांबचे पण खरे नातेवाईक आहेत. कापून सोलून काढलेलं कातडंही याच गोतावळ्यातलं. शंकराला कृत्तिवास म्हणतात त्यातली ‘कृत्ति’ तीच.

पण हेही मी घाईने सांगितलं, कारण मला पोचायचं होतं ते फाळाशी.

मराठीत नांगराच्या टोकाचं पातं ते फाळ. संस्कृत ‘फाल’. पाणिनीय धातुपाठात, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मूळ धातूंच्या यादीत, ‘फल’ दोनदा येतो. एक फळ येण्याच्या अर्थाने, आणि दुसरा ‘विशरणे’, म्हणजे फुटणं, चिरणं, दुभंगणं. जमीन दुभंगवणारा तो फाळ. खोड उभं चिरून निघते ती फळी. आणि देश चिरला तर? फाळणी. १९०५ची बंगालची, १९४७ची देशाची. आता कोल्हापूरला जा. पुण्यात ज्याला मिळकत कर म्हणतात, मुंबईत मालमत्ता कर, खेडोपाडी घरपट्टी, त्याला तिथे म्हणतात ‘घरफाळा’. महापालिकेत घरफाळा विभाग आहे, थकबाकीच्या नोटिसा घरफाळ्याच्या येतात. गावाचा खर्च घरांवर चिरून टाकला की प्रत्येक घराच्या वाट्याला येतो तो फाळा.

बघा, काय झालं ते. इंग्रजीत नांगराचं पातं शेअर आणि वाटाही शेअर. मराठीत नांगराचं पातं फाळ आणि वाटा फाळा. दोघांनी एकमेकांकडून काही घेतलेलं नाही, धातूही वेगळे. दोन भाषा एकमेकींना न विचारता एकाच ठिकाणी पोचल्या. ‘वाटा या अर्थाच्या शेअरला मराठी शब्द काय’ असं विचारणाऱ्याला मी आता सरळ ‘फाळा’ म्हणून सांगतो. त्याला पटत नाही, पण ऐकून घेतो.

आता माझा लाडका तर्क. कोशकार म्हणतील, दोन्हींत ‘कापणे’ आहे, एवढंच, यात विशेष काही नाही. मला वाटतं विशेष आहे. कापणारी हत्यारं शेकडो असताना वाट्याची जोडी कोयत्याशी किंवा सुरीशी न जमता दोन्हीकडे नेमकी नांगराशीच का जमावी? कारण माणसाने पहिल्यांदा मोजूनमापून, भांडून वाटून घेतली ती जमीन, आणि तिची वाटणी नांगराच्या चालीने झाली. ‘शेती किती’ विचारलं की ‘दोन औतांची’ असं उत्तर आपल्याकडे एकरांच्या आधीपासून आहे. आणि इंग्रजांचा एकर तरी काय, बैलजोडीने दिवसभरात नांगरून होईल तेवढी जमीन. वेल्समध्ये मध्ययुगात सामुदायिक नांगरटीचा कायदाच होता. एका शेतकऱ्याकडे सगळा सरंजाम नसे, म्हणून एकाचा बैल, दुसऱ्याचं लोखंड, तिसऱ्याचं मनुष्यबळ. नांगरून झालेल्या पट्ट्यांतला पहिला पट्टा नांगऱ्याचा, आणि दुसरा लोखंडाचा! म्हणजे ज्याने फाळ आणला त्याचा. बैलांची पाळी त्यानंतर. शेअरबद्दल मिळालेला शेअर. याहून स्वच्छ पुरावा मला तरी नको. कोशकारांना हवा असेल तर त्यांनी शोधावा.

आपल्याकडची सावड काय वेगळी आहे? तुझा एक बैल, माझा एक बैल, आज तुझं रान, उद्या माझं. इर्जिकीला तर सगळी आळी आपापली औतं घेऊन एकाच्या शेतात उतरायची आणि संध्याकाळी जेवून घरी जायची. फाळ आणि वाटा एकाच दिवशी, एकाच बांधावर.

वेदातही ही जोडी सापडते, आणि ती पहिल्यांदा लक्षात आली तेव्हा मी पुस्तक मिटून उगाच घरभर फिरलो होतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं ११७वं सूक्त हे अन्न वाटून खाण्याबद्दलचं. त्यातल्या सहाव्या ऋचेचा शेवट प्रसिद्ध आहे, ‘केवलाघो भवति केवलादी’. एकटा खातो तो एकट्याने पापाचा धनी होतो. सगळे तिथेच थांबतात, सुभाषित मिळालं म्हणून. पुढची, सातवी ऋचा कुणी वाचत नाही. ती सुरू होते अशी: ‘कृषन्नित्फाल आशितं कृणोति’. नांगरत राहिलेला फाळच पोट भरतो. वाटून खा म्हटल्यावर दुसऱ्या श्वासाला फाळ! सूक्तकर्त्याला इंग्रजी येत नव्हतं, एवढं तरी सगळे मान्य करतील.

फाळाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. बृहस्पतिस्मृतीत आरोपीचा खरेखोटेपणा पारखायच्या नऊ कसोट्या, म्हणजे ‘दिव्यं’, सांगितली आहेत, त्यांत एक फालदिव्य आहे. बारा पळं वजनाच्या लोखंडाचा, आठ अंगुळं लांब, चार रुंद असा फाळ लाल होईपर्यंत तापवायचा आणि गुरं चोरल्याचा आरोप असलेल्याने तो एकदा जिभेने चाटायचा. जीभ भाजली तर चोर. आणि इंग्लंडात? एडवर्ड राजाची आई एमा हिच्यावर बदफैलीचा आळ आला तेव्हा ती विंचेस्टरला नऊ तापलेल्या फाळांवरून अनवाणी चालत गेली, अशी आख्यायिका आहे. तिथेही फाळच. या योगायोगावर मी अजून तर्क बांधलेला नाही, पण सोडणार नाही.

आता ‘मनातलं शेअर करणं’. याचा मला सगळ्यांत जास्त जाच होतो. ‘आमचे प्रतिनिधी आपल्यासोबत अपडेट शेअर करतील’. अहो, सांगतील म्हणा. ‘त्याने त्याचं दुःख शेअर केलं’. म्हणजे निम्मं ठेवून निम्मं दिलं? वाटण्यात मूळ वस्तू कमी होते. फोटो पाठवला तर तुमच्याकडचा कमी होत नाही, तेव्हा तिथे कापाकापीचा प्रश्नच उरत नाही. हा अर्थ इंग्रजीतही म्हातारा नाही. फ्रँक बुकमन नावाच्या अमेरिकन धर्मोपदेशकाच्या ‘ऑक्सफर्ड ग्रुप’मध्ये चारचौघांसमोर आपली पापं उघड करत, त्याला १९३०च्या दशकात ‘शेअरिंग’ म्हणत. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ‘ए. ए.’ची (अल्कोहोलिक्स अनॉनिमसची) मुळं त्याच मंडळींत. तिथल्या बैठकांत हा शब्द टिकला आणि पुढे मानसोपचाराच्या दालनातून सगळीकडे पसरला. बुकमनच्या चळवळीचं पुढे ‘मॉरल रीआर्मामेंट’ झालं, आणि तिचं भारतातलं केंद्र कुठे, तर पाचगणीला, एशिया प्लॅटो. तेव्हा उठसूट भावना शेअर करणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की शब्दाच्या कुळाचाराप्रमाणे ते पापांची कबुली देत आहेत.

मराठीत यासाठी काय म्हणायचं हे विचारावं लागतं याचंच नवल. माहिती द्या, कळवा. फोटो पाठवा. दुःख सांगा, बोलून मोकळे व्हा. जेवणाचा डबा वाटून खा. खोली एकत्र घ्या. अनुभव सांगा. रिक्षा मात्र शेअरच राहू दे. डोंबिवली स्टेशनाबाहेर ‘शेअर, शेअर’ असा पुकारा होतो तिथे भाडं खरोखर कापून वाटलेलं असतं, म्हणजे तो रिक्षावाला शब्द अचूक वापरतो. वृत्तनिवेदकांपेक्षा तरी नक्कीच.

राहिला सिंहाचा वाटा. तो इसापाच्या गोष्टीतून, इंग्रजीमार्फत आलेला. आज आपण तो ‘सर्वांत मोठा भाग’ या अर्थाने वापरतो, पण गोष्टीतला सिंह मोठा भाग घेतच नाही. फीड्रस या रोमन कवीच्या लॅटिन पाठात गाय, शेळी आणि मेंढी त्याच्याबरोबर शिकारीला जातात, हरणाचे चार भाग होतात आणि सिंह काही ना काही कारण सांगून चारही घेतो. म्हणजे एखाद्या ‘विजयात अमक्याचा सिंहाचा वाटा’ असं लिहिलंत तर बाकीच्या दहा खेळाडूंना तुम्ही गाय-शेळी ठरवलंत. खारीचा वाटा मात्र अस्सल आपला, रामसेतूवरचा. आणि तो वाटा खारीला मिळालेला नव्हे, तिने घातलेला आहे.