वाचकांचे प्रश्न : लिलावातील मसल कारच्या किमती

प्रश्न : १९७१ सालची प्लिमथ कुडा ही मसल कार (साध्या गाडीत जबर ताकदीचे इंजिन बसवलेली अमेरिकन गाडी) अमेरिकेतील एका लिलावात ३५ लाख डॉलरला विकली गेल्याचे वाचनात आले. त्याच वर्षीच्या, दिसायला जवळजवळ तशाच कुडा याच्या कितीतरी पट कमी किमतीला मिळतात, असेही समजते. हा फरक नेमका कशामुळे पडतो? तसेच या गाड्यांच्या किमती आता उतरणीला लागल्या आहेत, हे खरे आहे का?

उत्तर : आपण ज्या गाडीविषयी वाचलेत, ती जून २०१४ मध्ये मेकम कंपनीने सिएटल येथे घेतलेल्या लिलावात विकली गेली. ती ४२६ घनइंचाचे हेमी (अर्धगोलाकार ज्वलनकक्षांचे) इंजिन असलेली कन्व्हर्टिबल, म्हणजे छप्पर उघडता येणारी, कुडा होती आणि त्या वर्षी अशा गाड्या एकूण ११ च तयार झाल्या होत्या. त्या इतक्या थोड्या का झाल्या, हे पाहिले की आजच्या किमतीचा उलगडा होऊ लागतो. हेमी इंजिन हवे असेल, तर ग्राहकाला गाडीच्या किमतीवर सुमारे ९०० डॉलर जादा मोजावे लागत. ४२५ अश्वशक्तीचे हे इंजिन पेट्रोल भरपूर खाई, त्याचे दोन मोठे कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणारे भाग) वरचेवर जुळवून घ्यावे लागत आणि विमा कंपन्या अशा गाड्यांना जबर हप्ता लावत. त्यामुळे ज्याला रोज कामावर जाण्यासाठी गाडी हवी होती, त्याने साधे व्ही-८ (आठ सिलिंडरचे) इंजिन घेतले. १९७२ पासून तर हे इंजिन मिळेनासेच झाले. त्या काळी गिऱ्हाईक नसलेली ही गाडीच आज संग्राहकांना सर्वाधिक हवी आहे.

मात्र दुर्मीळता सिद्ध करता आली तरच तिला मोल येते, आणि माझ्या मते या बाजाराचे खरे मर्म इथेच आहे. हेमी इंजिन बाजारातून विकत आणून कोणत्याही कुडामध्ये बसवता येते. रंग आणि पट्टेही हुबेहूब करता येतात. बदलता येत नाही तो गाडीचा मूळ क्रमांक. १९७१ च्या हेमी कन्व्हर्टिबल कुडाचा क्रमांक ‘बीएस२७आर१बी’ असा सुरू होतो. यातील ‘बी’ म्हणजे बॅराकुडा मालिका (कुडा ही याच मालिकेतील गाडी), २७ म्हणजे कन्व्हर्टिबल, ‘आर’ म्हणजे हेमी इंजिन, १ म्हणजे १९७१ हे वर्ष आणि शेवटचा ‘बी’ म्हणजे हॅमट्रॅमक येथील कारखाना. क्रमांकात ‘आर’ नसेल, तर गाडीत आज कोणतेही इंजिन असो, ती कारखान्यातून हेमी म्हणून बाहेर पडलेली नाही. इंजिनाच्या ब्लॉकवर कोरलेले आकडे याच क्रमांकाशी जुळले, तर त्या गाडीला ‘मॅचिंग नंबर्स’ म्हणतात आणि तिची किंमत आणखी चढते.

शेवरले गाड्यांच्या बाबतीत ही सोय नाही. १९७० ची शेव्हेल एसएस ४५४ एलएस६ ही ४५० अश्वशक्तीची गाडी फार नावाजलेली आहे. पण तिच्या क्रमांकावरून गाडी व्ही-८ आहे एवढेच कळते, कोणते व्ही-८ ते कळत नाही. त्यामुळे शेव्हेलच्याच साध्या ‘मालिबू’ प्रकाराची ताकदवान ‘एसएस’ बनवणे सोपे झाले आणि तशा पुष्कळ गाड्या बनलेल्या आहेत. अशा वेळी सारी भिस्त कागदांवर असते. कारखान्यात जुळणी करताना वापरलेला तपशिलाचा कागद कधी पेट्रोलच्या टाकीवर, तर कधी आसनाच्या स्प्रिंगांत अडकून राहिलेला असतो. पन्नास वर्षांनी हाती आलेला तो मळका, फाटका कागद गाडीची किंमत कित्येक हजार डॉलरनी वाढवू शकतो. पाँटियाक आणि फोर्डच्या खरेदीदारांची अडचण त्यामानाने कमी आहे, कारण पाँटियाकच्या जुन्या नोंदी जपलेल्या आहेत आणि १९६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांसाठी ‘मार्टी रिपोर्ट’ हा कारखान्याच्या नोंदींवरून तयार केलेला अहवाल मिळतो.

गाडी चकचकीत असलीच पाहिजे, असाही नियम नाही. ‘बुलिट’ चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीन यांनी चालवलेली १९६८ ची मस्टँग जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातील किसिमी येथील लिलावात कमिशनसह ३७ लाख ४० हजार डॉलरला गेली. तिचा रंग उडालेला होता, पत्र्यावर गंज होता आणि मालकांनी तो मुद्दाम तसाच राखला होता. नवा रंग दिला असता, तर चित्रीकरणाच्या वेळच्या खुणा कायमच्या पुसल्या गेल्या असत्या.

आता उतरणीविषयी. लिलावाचे आकडे वाचताना दोन गोष्टी तपासाव्यात. आकडा हातोडा पडला तेव्हाच्या अखेरच्या बोलीचा आहे की त्यात खरेदीदाराचे कमिशन धरले आहे, आणि गाडी खरोखर विकली गेली का? २०२१ मध्ये इंडियानापोलिस येथे त्या ११ पैकीच एका कुडाला ४८ लाख डॉलरची बोली लागली; पण ती मालकाच्या राखीव (आधीच ठरवलेल्या किमान) किमतीपर्यंत न पोहोचल्याने व्यवहार झाला नाही. त्यामुळे ४८ लाख ही त्या गाडीची किंमत झाली, असे म्हणता येत नाही.

या बाजाराने मोठी घसरण पूर्वीही पाहिली आहे. २००५ ते २००७ या काळात भाव भराभर चढले आणि २००८ च्या आर्थिक संकटानंतर कोसळले. आजचे कारण मात्र वेगळे आहे. साठच्या दशकात या गाड्यांची स्वप्ने पाहणारी अमेरिकन मुले आता सत्तरी ओलांडून गेली आहेत आणि त्यांचे संग्रह विक्रीला येत आहेत; त्यांच्या मागून आलेल्या खरेदीदारांचे मन ऐंशी-नव्वदच्या दशकांतील गाड्यांत, किंवा जुन्या सांगाड्यात नवे इंजिन आणि नवे ब्रेक बसवलेल्या ‘रेस्टोमॉड’ गाड्यांत गुंतलेले आहे. याचा फटका सर्वांना सारखा बसणार नाही. पूर्ण कागदपत्रे असलेल्या मोजक्या गाड्यांना गिऱ्हाईक मिळत राहील, असे मला वाटते. खरी झळ बसेल ती मूळ इंजिन गेलेल्या, कागद नसलेल्या मधल्या दर्जाच्या गाड्यांना, कारण अशा गाड्या संख्येने पुष्कळ आहेत आणि त्या दुरुस्त करून मूळ रूपात आणण्याचा खर्च अनेकदा विक्रीच्या किमतीतूनही भरून येत नाही.